दाब

कारागांदात पाण्याचे नळ जमिनीखाली पुरत नाहीत.
ते रस्त्यांवरून कमानी टाकत जातात,
चंदेरी पत्र्यात गुंडाळलेले,
बसलेला उंट गुडघे सोडवत उठावा तसे.
तीस वर्षं मी त्यांचा दाब वाचतोय.
उणे तीसमध्ये कुठल्या इमारतीच्या कुठल्या मजल्यावर
ऊब पोचत नाही,
मला नुसत्या तळहाताने सांगता येतं.

आणि घरी, दीड वर्ष, मी म्हणत आलो: आज कंबर दुखतेय.

दवाखान्यातही कंबरच सांगितली. दोनदा.
तिसऱ्यांदा रायसा विक्टोरोव्हनांनी पेन खाली ठेवलं,
म्हणाल्या, "सेइतकाली, कंबरेच्या किती खाली?"

मी खिडकीकडे बघत राहिलो.
त्या विचारत गेल्या, मीटरचे आकडे उतरवून घ्यावेत तशा:
सिगारेटी किती.
रात्री लघवीला किती वेळा उठता.
घोरता का, तहान लागते का,
व्होडका रोज, की पगाराच्या दिवशीच.
वडील कशाने गेले?
छातीने. चोपन्नाव्या वर्षी. बर्फाला भोक पाडून
मासे धरत बसले होते, तसेच बसून राहिले.
आणि दाबाची गोळी? घेता ना?

मेहुणा म्हणाला होता, तीच मारते पुरुषाला.
त्याने बाजारातून डबी आणून दिली, वर लाल घोडा.
पंधरा दिवस घोडा घेतला.
दौडलं फक्त काळीज.

"गोळी बदलता येते," त्या म्हणाल्या, "पण मला विचारून.
घोडा कचऱ्यात टाका.
आणि पहाटे?"
"पहाटे काय?"
"तुम्हाला जाग येते, तेव्हा त्यालाही येते का?"

बावन्न वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
यायची पूर्वी, मी म्हणालो,
खाण बंद पडलेल्या गावात
पूर्वी गाडी यायची म्हणतात, त्या आवाजात.

रक्तात साखर निघाली. बरीच.
मग छातीला तारा लावल्या, कागद सरकत राहिला.
"सगळ्यांत बारीक नळ आधी तुंबतात,
तुम्हाला मी काय सांगायचं!
लाजून बसला असतात आणखी दोन वर्षं,
तर खबर थेट वरच्या बॉयलरमधून आली असती."
मी हसलो नाही. मला वडिलांचा गळ आठवत होता,
त्यांच्या मागे तो कुणी काढून घेतला असेल?

गुलशारा कणीक लाटत होती.
मी बूट न काढताच सगळं सांगून टाकलं, उभ्याउभ्या,
तक्रार नोंदवायला आलेल्या भाडेकरूसारखं.
ती लाटत राहिली. मग म्हणाली,
"म्हणजे दुसरी बाई नाही?"
"दुसरी! अगं, इथे एकीचीच..."
ती हसायला लागली. पिठाचे हात तोंडावर गेले,
भुवया पांढऱ्या झाल्या,
आणि हसणं कुठे संपलं ते मला कळलं नाही,
कारण पुढे ती जमिनीवर बसून होती आणि डोळे पुसत होती.

पाळी गेल्यापासून तिलाही नको वाटायचं.
दुखायचं. अंग कोरडं, मन त्याहून.
आणि आयगानिम सोलला गेली, ती खोली तशीच,
त्या भिंतीपलीकडे काही सुचायचंच नाही.
"तुझ्या कंबरेचे मी मनात आभार मानायचे रे,"
ती म्हणाली,
"आणि मग रात्रभर स्वतःला शिव्या द्यायचे."

दीड वर्ष! एकाच गादीवर दोन चोर,
दोघांनाही वाटत होतं, माल आपणच लपवलाय.

रात्री साखर मोजायचं यंत्र काढलं.
मी बोट टोचलं. तिनेही आपलं पुढे केलं,
काही कारण नसताना.
तिचा आकडा चांगला. माझा नको विचारू म्हणण्याजोगा.
पुढच्या मंगळवारी तीही येणार आहे रायसाबाईंकडे.
काय निघेल, माहीत नाही.

उशी तिने होती तिथेच ठेवली, भिंतीकडे.
दिवा गेल्यावर फक्त पाय सरकवले.
माझ्या तळपायांना हल्ली नीट कळत नाही,
गार की गरम.
"सांग," मी म्हणालो.
"पोचतेय," ती म्हणाली. "अजून थोडं इकडे."